बॉस्टनची फ्रीडम ट्रेल: लढा कसा पेटला ते दिसतं, कसा जिंकला ते शोधावं लागतं

अमेरिकेतल्या तेरा वसाहती ब्रिटिश साम्राज्यातून फुटून बाहेर कशा पडल्या, हे पायी हिंडत समजून घ्यायचं तर बॉस्टनइतकं सोयीचं शहर नाही. इथल्या फुटपाथवर एक लाल रेघ आहे, कुठे विटांची, कुठे नुसत्या रंगाची. लांबी अडीच मैल, म्हणजे चार किलोमीटर. बॉस्टन कॉमन या जुन्या मैदानापासून निघून चार्ल्सटाउनमधल्या बंकर हिलपर्यंत ती सोळा ठिकाणं जोडते. कल्पना १९५१ साली बिल स्कोफिल्ड या स्थानिक पत्रकाराने मांडली, रेघ १९५८ मध्ये ओढली गेली. रेघेवरून चालायला तिकीट नाही. काही इमारतींत शिरायला आहे.

मत आधीच देऊन टाकतो. १७६५ ते १७७५ या दहा वर्षांसाठी ही ट्रेल अव्वल आहे. कराच्या भांडणाचं युद्ध कसं झालं हे इथे जागेवर उभं राहून कळतं. पण युद्ध जिंकलं कसं, याबद्दल रेघ जवळजवळ गप्प आहे. त्यासाठी रेघ सोडून जावं लागतं, आणि कुठे जायचं हे ट्रेलवर कोणी आपणहून सांगत नाही.

पहिली अडचण क्रमाची. रेघ रस्त्यांप्रमाणे वळते, इतिहासाप्रमाणे नाही. १६३४ च्या मैदानातून निघालात की समोर सोनेरी घुमटाचं स्टेट हाउस येतं, ते १७९८ चं. त्यापुढचं पार्क स्ट्रीट चर्च १८०९ चं. दोन्ही स्वातंत्र्यानंतरची. नवखा माणूस इथेच गोंधळतो. उपाय साधा आहे. पाच साल डोक्यात ठेवा: १७६५ स्टॅम्प कायदा (छापील कागदांवरचा कर), १७६८ शहरात फौज, १७७० गोळीबार, १७७३ चहा, १७७५ युद्ध. प्रत्येक ठिकाण यांतल्या कोणत्या सालाशी जुळतं एवढंच पाहायचं. ज्याचं कुठल्याच सालाशी नातं नाही ते बाहेरून पाहून पुढे जा. वेळ मोजका असेल तर स्टेट हाउस, पार्क स्ट्रीट चर्च आणि लॅटिन स्कूलची जागा ही तीन बिनदिक्कत गाळावीत. ओल्ड कॉर्नर बुकस्टोअरची १७१८ ची इमारत फारच नावाजलेली आहे, पण तिथे गेली काही वर्षं मेक्सिकन खाद्यपदार्थांच्या साखळीचं दुकान आहे. भूक लागली असेल तरच थांबा.

कॉमनवर पाहण्यासारखं फारसं नाही, समजण्यासारखं आहे. फ्रान्सशी झालेल्या सात वर्षांच्या युद्धात ब्रिटन कर्जात बुडालं आणि ते कर्ज फेडायला वसाहतींनीही हातभार लावावा असं लंडनने ठरवलं. वसाहतींचा संसदेत एकही प्रतिनिधी नव्हता, म्हणून भांडण किती कर यापेक्षा कर बसवण्याचा हक्क कोणाचा यावर गेलं. स्टॅम्प कायदा दंगे आणि बहिष्कारामुळे १७६६ मध्ये मागे घ्यावा लागला. पुढच्याच वर्षी काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांवर ब्रिटिश अर्थमंत्री टाउनशेंडचे नवे कर आले. पुन्हा बहिष्कार, पुन्हा जकात अधिकाऱ्यांना मारहाण. मग १ ऑक्टोबर १७६८ रोजी फौज उतरली आणि या मैदानावर तिचे तंबू पडले. पंधरा-सोळा हजार वस्तीच्या गावात सुमारे दोन हजार सैनिक. पगार तुटपुंजा, म्हणून फावल्या वेळात हे शिपाई बंदरावर कमी मजुरीत काम करायचे. गोदीतल्या मजुरांशी त्यांची रोजची भांडणं इथूनच सुरू झाली. १७७० च्या गोळीबाराची मुळं ट्रेलवरचे फलक ‘अत्याचारी सैन्य’ एवढ्यात उरकतात. मजुरीचं भांडण मात्र वगळलं जातं.

ग्रॅनरी दफनभूमी चुकवू नका, प्रवेश मोफत. सॅम्युएल अ‍ॅडम्स, जॉन हॅन्कॉक, पॉल रिव्हिअर, जेम्स ओटिस ही चळवळीतली ठळक माणसं इथे आहेत, आणि गोळीबारात मेलेले पाचजणही. त्याच दगडावर ख्रिस्टोफर सायडर या मुलाचं नाव आहे. २२ फेब्रुवारी १७७० रोजी, म्हणजे गोळीबाराच्या अकरा दिवस आधी, जकात खात्याच्या एका माणसाने जमावावर झाडलेल्या गोळीने तो मेला. गावगर्दीने त्याची अंत्ययात्रा निघाली. ५ मार्चला शहर का तापलेलं होतं, ते या नावावरून उलगडतं. गाइड बहुधा रिव्हिअरच्या थडग्यापाशी रेंगाळतात. तुम्ही या दगडापाशी थांबा.

आता ट्रेलचा गाभा. ओल्ड साउथ मीटिंग हाउस आणि ओल्ड स्टेट हाउस एकमेकांपासून पाच मिनिटांवर आहेत आणि दोन्हींचं मिळून एकच तिकीट मिळतं, मोठ्यांना साधारण १५ डॉलर. या ट्रेलवर पैसे टाकायचे तर इथेच.

ओल्ड साउथ ही १७२९ ची साधी विटांची प्रार्थनागृहाची इमारत. गावसभेला फॅन्युइल हॉल अपुरा पडला की लोक इकडे यायचे. १६ डिसेंबर १७७३ ला सुमारे पाच हजार माणसं जमली. चहाचं प्रकरण इथे पायरीपायरीने समजून घ्यायला हवं, कारण ‘कर वाढवला म्हणून चहा फेकला’ ही सर्रास सांगितली जाणारी गोष्ट उलटी आहे. १७७३ च्या चहा कायद्याने चहा महाग झाला नव्हता, स्वस्त झाला होता. ईस्ट इंडिया कंपनी दिवाळखोरीच्या काठावर होती, गोदामांत लाखो पौंड चहा पडून होता. तिला थेट अमेरिकेत विकायची मुभा मिळाली, मधले दलाल गेले. पण पौंडामागे तीन पेन्सचा जुना कर तसाच ठेवला. स्वस्त चहा घ्यायचा म्हणजे तो कर निमूट मान्य करायचा, ही मेख होती. शिवाय माल कोणाकडे सोपवायचा हे कंपनी ठरवणार, म्हणजे स्थानिक व्यापारी बाहेर. बॉस्टनमध्ये ज्यांना हा माल मिळणार होता त्यांत गव्हर्नर हचिन्सनचे दोन मुलगे होते.

न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाने चहाची जहाजं परत पाठवली. बॉस्टनला ते जमलं नाही ते नियमामुळे. डार्टमाउथ जहाज २८ नोव्हेंबरला आलं. वीस दिवसांत जकात भरली नाही तर माल जप्त होणार, म्हणजे अखेर तो बाजारात येणारच. जकात भरल्याखेरीज जहाजाला बंदर सोडण्याचा परवाना नाही, आणि हचिन्सन विशेष परवाना द्यायला तयार नाही. १६ तारखेला जहाजमालक फ्रान्सिस रॉच शेवटचं विचारायला गव्हर्नरकडे मिल्टनला गेला आणि संध्याकाळी नकार घेऊन सभेत परतला. त्यानंतर मोहॉक आदिवासींचं सोंग घेतलेली माणसं ग्रिफिन्स धक्क्याकडे निघाली. तीन जहाजं, ३४२ पेट्या, ९२ हजार पौंडांच्या वर चहा, म्हणजे जवळपास ४२ टन. सगळं सुमारे तीन तासांत समुद्रात. मुदत संपायला एक रात्र उरली होती. मीटिंग हाउसमधलं प्रदर्शन हा मुदतीचा पेच चांगला उलगडतं, आणि आतली रिकामी लाकडी बाकंही बोलकी आहेत. १७७५ मध्ये ब्रिटिश घोडदळाने मूळची बाकं उखडून इथे घोडेसवारीची शाळा केली होती. कुठलीही मूर्ती किंवा वेदी नसलेली इमारत मुद्दाम निवडून विटाळली, कारण ती बंडखोरांची होती.

आपल्याकडच्या वाचकाला इथे एक धागा दिसेल, तो प्रदर्शनात मात्र ठसठशीत नाही. तो चहा चिनी होता, पण तो विकणारी कंपनी बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, घेऊन बसलेली होती. १७७० च्या बंगालमधल्या भीषण दुष्काळानंतर आणि १७७२ च्या पतसंकटात तिचा हिशोब कोलमडला. तिला वाचवायला संसदेने १७७३ मध्ये दोन गोष्टी केल्या: अमेरिकेसाठी चहा कायदा आणि हिंदुस्थानासाठी रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट. त्या दुसऱ्या कायद्याखाली वॉरन हेस्टिंग्ज गव्हर्नर जनरल झाला, आणि पुण्याशी कंपनीचं पहिलं युद्ध त्याच्याच काळातलं.

ओल्ड स्टेट हाउस १७१३ चं. भोवती उंच काचेच्या इमारती, खाली भुयारी रेल्वेचं स्टेशन, मधे ही विटांची छोटी इमारत आणि माथ्यावर ब्रिटिश सिंह आणि युनिकॉर्न. हे पुतळे नकला आहेत. मूळचे १८ जुलै १७७६ रोजी, याच इमारतीच्या बाहेरच्या सज्जातून स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचल्यावर, लोकांनी उतरवून जाळले. आत वरच्या मजल्यावर कौन्सिलचं दालन पाहा. १७६१ मध्ये जेम्स ओटिसने घरात कधीही घुसून झडती घेण्याच्या जकात खात्याच्या सरसकट वॉरंटांविरुद्ध इथेच युक्तिवाद केला. खटला तो हरला, पण वसाहतींचं कायदेशीर भांडण तिथून सुरू झालं असं पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला वकील जॉन अ‍ॅडम्स सांगत असे. विधिमंडळाची चर्चा लोकांना बसून ऐकता यावी म्हणून १७६६ मध्ये या इमारतीत सज्जा बांधला गेला. चळवळ गावात कशी पसरली, याचं हे फार कमी लेखलं जाणारं कारण आहे.

बाहेरच्या सज्जाखाली दगडांचं वर्तुळ आहे, ते बॉस्टन हत्याकांडाचं. वर्तुळ रस्त्याच्या कामांमुळे हललेलं आहे, त्यामुळे नेमकी जागा म्हणून त्याच्याकडे पाहू नका. ५ मार्च १७७० च्या रात्री एकट्या पहारेकऱ्याला जमावाने घेरलं. कॅप्टन प्रेस्टन कुमक घेऊन आला, बर्फाचे गोळे आणि सोटे आले, गोळ्या सुटल्या. पाचजण मेले, त्यांत क्रिस्पस अ‍ॅटक्स हा आफ्रिकी आणि आदिवासी वंशाचा खलाशी. पॉल रिव्हिअरचं प्रसिद्ध छापचित्र दुकानात हमखास विकायला असतं. ते घ्या, पण पुरावा म्हणून नव्हे. त्यात प्रेस्टन तलवार उगारून हुकूम देतोय आणि जमाव निरागस उभा आहे. प्रत्यक्षात खटल्यात जॉन अ‍ॅडम्सने सैनिकांचं वकीलपत्र घेतलं. प्रेस्टन सुटला, सहा सैनिक सुटले, दोघांना मनुष्यवधाबद्दल अंगठ्यावर डाग मिळाला. रिव्हिअरचं चित्र मात्र सगळ्या वसाहतींत पोचलं. प्रचाराचं यंत्र कसं चालत होतं, याचा हा नमुना. चित्राची मूळ रचनाही रिव्हिअरची नाही, हेन्री पेलमची आहे.

फॅन्युइल हॉलला खाली बाजार आणि वर सभागृह. खाली टी-शर्टांची गर्दी पाहून बरेचजण परततात. वर जा, मोफत आहे. राष्ट्रीय उद्यान सेवेचे रेंजर माहिती देतात तेव्हा ती बहुधा नेटकी असते. नोव्हेंबर १७७२ मध्ये बॉस्टनच्या गावसभेने २१ जणांची पत्रव्यवहार समिती नेमली, ती याच सभागृहातल्या परंपरेतून. आसपासच्या गावांनी तशाच समित्या काढल्या, आणि चहाची शिक्षा म्हणून १७७४ मध्ये बंदर बंद करून गावसभांवर बंधनं घातली गेली तेव्हा हे जाळं तयार होतं. गव्हर्नरच्या हातून ग्रामीण मॅसॅच्युसेट्स गोळी न सुटता निसटलं, ते या पत्रांमुळे. पीटर फॅन्युइलची संपत्ती गुलामांच्या व्यापाराशी जोडलेली होती, हे रेंजर आता न लपवता सांगतात.

इथून रेघ नॉर्थ एंडमध्ये शिरते. इटालियन वस्ती, जेवायला हीच जागा. शाकाहारी माणसाला पिझ्झा, पास्ता आणि कनोली सहज मिळतात. पॉल रिव्हिअरचं घर सुमारे १६८० चं लाकडी, साधारण सहा डॉलरचं तिकीट, वीस मिनिटांत आटोपतं. ओल्ड नॉर्थ चर्च मात्र सावकाश पाहा. १८ एप्रिल १७७५ च्या रात्री इथल्या मनोऱ्यात दोन कंदील दाखवले गेले: फौज बोटींतून चार्ल्स नदी ओलांडणार. गैरसमज असा की ती खूण रिव्हिअरसाठी होती. रिव्हिअरनेच ती ठरवली होती, तो पकडला गेला तरी नदीपलीकडच्या माणसांना खबर मिळावी म्हणून. तो होडीने पलीकडे गेला, विल्यम डॉज जमिनीच्या वाटेने गेला, आणि फौज जिकडे निघाली होती त्या काँकर्ड गावाला बातमी अखेर सॅम्युएल प्रेस्कॉटने पोचवली, कारण रिव्हिअरला वाटेत गस्तीने धरलं. दुसऱ्या दिवशी लेक्सिंग्टन-काँकर्डहून परतताना ब्रिटिशांचे ७३ मेले, १७४ जखमी झाले. वसाहतवाल्यांचे ४९ मेले. तळघरातल्या कबरींचं तिकीट वेगळं असतं. इतिहासासाठी त्याची गरज नाही.

कॉप्स हिल दफनभूमीवरून समोरचं चार्ल्सटाउन दिसतं. ब्रिटिश तोफा इथूनच त्यावर आग ओकत होत्या, म्हणून पुढचा टप्पा कळायला इथे पाच मिनिटं थांबणं फायद्याचं.

बहुतेक लोक इथे दमून ट्रेल सोडतात. पूल ओलांडायचा असतो आणि उन्हात सावली नसते. तरीही जा. पुलापलीकडचं कॉन्स्टिट्यूशन जहाज देखणं आहे, पण ते १७९७ चं. त्याची लढाई १८१२ ची, स्वातंत्र्ययुद्धाची नव्हे. मोफत आहे, मोठ्यांना फोटो असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं. मुलांकडे राहायला आलेल्या आई-बाबांनी पासपोर्ट सोबत ठेवावा, नाहीतर दारावरून परत यावं लागेल. सोमवारी ते बहुधा बंद असतं.

बंकर हिलचं स्मारक म्हणजे २२१ फूट उंच ग्रॅनाइटचा सुळका, आत २९४ पायऱ्या, लिफ्ट नाही. गुडघ्यांनी साथ दिली नाही तर चढू नका, रस्त्यापलीकडचं छोटं संग्रहालय बसून पाहा. दोन्ही मोफत. १७ जून १७७५ ची लढाई मुळात शेजारच्या ब्रीड्स हिलवर झाली, आणि स्मारकही त्याच टेकडीवर आहे. ब्रिटिशांनी तीनदा चढाई केली, तिसऱ्यांदा वर पोचले कारण वरच्यांची बंदुकीची दारू संपली होती. टेकडी मिळाली, पण १,०५४ माणसं मेली किंवा जखमी झाली, त्यांत २२६ ठार. पुढे ब्रिटिश जनरल हौ खंदकांवर समोरून चाल करायला बिचकू लागला.

आणि इथे रेघ संपते. युद्धाला जेमतेम दोन महिने झालेत, जाहीरनामा वर्षभर पुढे आहे. ट्रेलचा खरा दोष हा.

बॉस्टन मुक्त कसं झालं ते पाहायला दक्षिण बॉस्टनमधल्या डॉर्चेस्टर हाइट्सला जा. रेड लाइनच्या ब्रॉडवे स्टेशनपासून साधारण वीस-पंचवीस मिनिटं चालत. हेन्री नॉक्सने १७७५-७६ च्या हिवाळ्यात टिकॉन्डरोगा किल्ल्यावरून ५९ तोफा बैलांच्या घसरगाड्यांवर घालून सुमारे ३०० मैल आणल्या. ४ मार्च १७७६ च्या रात्री त्यांतल्या काही या टेकडीवर चढल्या. जमीन गोठलेली, खणता येईना, म्हणून लाकडी चौकटी आणि फांद्यांच्या मोळ्या आधीच तयार करून वर नेल्या. सकाळी बंदरातली सगळी जहाजं तोफांच्या टप्प्यात होती. १७ मार्चला ब्रिटिश फौज निघून गेली, आणि तिच्याबरोबर राजनिष्ठ कुटुंबंही, हजारावर माणसं. ट्रेलवर राजनिष्ठांची बाजू जवळजवळ नाही. हे युद्ध शेजाऱ्याशेजाऱ्यांतलंही होतं, हे त्यामुळे निसटतं.

रेघेबाहेरची आणखी दोन ठिकाणं. वॉशिंग्टन आणि एसेक्स रस्त्यांच्या कोपऱ्यावर, ऑरेंज लाइनच्या चायनाटाउन स्टेशनजवळ, ‘लिबर्टी ट्री’ची जागा आहे. १४ ऑगस्ट १७६५ ला स्टॅम्प विकण्यासाठी नेमलेल्या अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा इथल्या झाडाला टांगला होता. म्हणजे सुरुवातच रेघेबाहेर आहे. दुसरं, लेक्सिंग्टन आणि काँकर्ड. काँकर्डला नॉर्थ स्टेशनहून लोकल गाडी जाते, स्वतंत्र दिवस ठेवा. काँग्रेस स्ट्रीटच्या पुलावरचं चहाच्या जहाजांचं नाट्यरूप संग्रहालय महाग आहे. सोबत आठ-दहा वर्षांची मुलं असतील तर त्यांना पेट्या पाण्यात फेकायला मिळतात. मोठ्यांनी ते पैसे ओल्ड साउथला द्यावेत.

शेवटचा विजय मात्र बॉस्टनमध्ये नाहीच. तो व्हर्जिनियातल्या यॉर्कटाउनला आहे: ५ सप्टेंबर १७८१ ला द ग्रासच्या फ्रेंच आरमाराने ब्रिटिशांना चेसापीकच्या मुखाशी अडवलं, समुद्रवाट बंद झाली, आणि १९ ऑक्टोबरला कॉर्नवॉलिसच्या ब्रिटिश फौजेने शस्त्रं ठेवली. फ्रान्सचं आरमार, पैसा आणि दारूगोळा वजा केला तर ही लढाई जमत नाही, आणि ट्रेलवर फ्रान्सचं नाव क्वचित येतं. हाच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला, आणि १७९१-९२ च्या टिपूविरुद्धच्या मोहिमेत त्याच्या बाजूने हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांच्या मराठी फौजा होत्या.

जुन्या काळच्या पोशाखातले गाइड घ्यावेत का? कॉमनहून निघणारी दीड तासाची फेरी रंजक असते, पण ती फॅन्युइल हॉलपाशी संपते, इमारतींच्या आत नेत नाही, नॉर्थ एंड आणि चार्ल्सटाउन सोडते. पहिल्यांदा येणाऱ्या कुटुंबाला ठीक. नीट समजून घ्यायचं तर रेंजरांच्या मोफत फेऱ्या बऱ्या, मात्र त्या हंगामी असतात, वेळा आधी पाहा. नुसतं चाललात तर दोन तास, आत शिरलात तर पूर्ण दिवस. स्वच्छतागृहं फॅन्युइल हॉल परिसरात आणि चार्ल्सटाउनच्या नेव्ही यार्डात आहेत, मधे भरवसा नको. फॅन्युइल हॉलभोवती गोट्यांची फरसबंदी, बाबागाडी आणि चाकाची खुर्ची खडखडते. जानेवारी-फेब्रुवारीत रेघ बर्फाखाली जाते. मे, जून किंवा सप्टेंबर उत्तम. एप्रिलचा तिसरा सोमवार, पेट्रियट्स डे, गर्दीचा असला तरी लेक्सिंग्टनची पहाटेची चकमक त्या सुमारास मैदानावर उभी करतात.

परतताना पूल पुन्हा चालू नका. नेव्ही यार्डातून लाँग व्हार्फला फेरीबोट सुटते, भाडं चार डॉलरच्या आत, दहा मिनिटांत पोचवते, आणि ग्रिफिन्स धक्का ज्या बंदरात होता ते पाण्यावरून दिसतं.